नेटिव्ह अॅप म्हणजे काय रे भाऊ?



कॉम्प्युटर ब्रँचला आहे असं कळलं की नातेवाईक दोन गोष्टी हमखास विचारतात. एक, "आमचा प्रिंटर चालत नाहीये, बघतेस का?" आणि दुसरी, "आमच्या दुकानाचं एक अॅप बनवून दे ना, तुम्ही तर हेच शिकता." प्रिंटर हा विषय आपल्या सिलॅबसमध्ये नाही, त्यामुळे तो सोडून देऊ. पण अॅपबद्दल यंदा बरंच कळलं. कारण आमच्या चार जणांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम (जी दरवर्षी किमान सहा ग्रुप करतात आणि लायब्ररी मात्र रजिस्टरवरच चालते) न घेता एक खरंखुरं गिऱ्हाईक धरलं. माझे मामा रावेर तालुक्यात केळी लावतात. त्यांची केळी ज्या व्यापाऱ्याकडे जाते, ते शेठ. बागेतून माल कापायचा, ट्रक भरायचा आणि दिल्ली-पंजाबकडे पाठवायचा हा त्यांचा धंदा. त्यांना "अॅप पाहिजे" होतं. कसलं अॅप, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही!

त्या निमित्ताने जे वाचलं, पाहिलं आणि लोकांना विचारून घेतलं, ते इथे मांडते. बिझनेससाठी मोबाईल अॅप बनवून देणं ही आज एक मोठी सर्व्हिस इंडस्ट्री आहे. आपल्यातले निम्मे जण पुण्याला जाऊन तेच करणार आहेत. मग ते नेमकं काय असतं, हे इथे जळगाव-धुळ्यात बसूनच समजून घ्यायला काय हरकत आहे?

आधी "नेटिव्ह" या शब्दाचा घोळ मिटवू. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, आणि माझी आजी शिंदखेड्याकडची. तिच्या तोंडी "आहे" येतच नाही, "शे" येतं. लहानपणी तिच्याशी बोलायचं म्हणजे मधे आई लागायची. मी आईला सांगायचं, आईने अहिराणीत आजीला सांगायचं, मग उत्तर त्याच रस्त्याने परत. काम व्हायचं, पण वेळ लागायचा आणि आजीचे निम्मे विनोद वाटेतच सांडायचे. माझा मामेभाऊ मात्र तिच्याशी थेट अहिराणीत बोलायचा. त्यामुळे लाडूचा डबा कुठे ठेवलाय हे त्याला आधी कळायचं. नेटिव्ह अॅप म्हणजे हा मामेभाऊ. फोनची ऑपरेटिंग सिस्टीम ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत तिच्याशी थेट बोलणारं अॅप. अँड्रॉइडसाठी ती भाषा म्हणजे कोटलिन किंवा जावा, आणि आयफोनसाठी स्विफ्ट किंवा तिच्या आधीची ऑब्जेक्टिव्ह-सी.

याउलट, काही अॅप ही आतून चक्क वेबसाईट असतात. बाहेरून आयकॉन अॅपचं, आत एक ब्राउझर आणि त्यात पान उघडलेलं. मधे दुभाषा आलाच. अगदी फेसबुकनेसुद्धा एकेकाळी हाच मार्ग धरला होता. लोक कंटाळले, अॅप रखडत चालतं म्हणून ओरड झाली, आणि २०१२ साली त्यांनी आयफोनचं अॅप नेटिव्ह करून नव्याने लिहिलं. एचटीएमएलवर जास्त भिस्त ठेवणं ही कंपनीची सगळ्यात मोठी चूक होती, असं त्यांच्या मालकाने त्या वर्षी जाहीरपणे मान्य केलं. गंमत म्हणजे त्याच फेसबुकने २०१५ मध्ये रिअॅक्ट नेटिव्ह नावाचा मधला मार्ग काढला, ज्यात लिहायचं जावास्क्रिप्टमध्ये, पण पडद्यावरची बटणं, याद्या वगैरे फोनच्या स्वतःच्या. मग गूगलने फ्लटर आणलं, त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१८ च्या डिसेंबरमध्ये आली. त्यात डार्ट भाषेत एकदाच लिहायचं आणि अँड्रॉइड-आयफोन दोन्हीवर चालवायचं. ही दोन्ही साधनं वाईट नाहीत. सीनियर लोक त्यावरून मेसमध्ये तासन्‌तास भांडतात, ती भांडणं ऐकायला मजा येते, पण त्यात आपण पडायला नको.

नेटिव्ह अॅपच्या आत काय घडतं ते थोडक्यात. तुम्ही कोटलिनमध्ये लिहिलेला कोड आधी बाईटकोड होतो, मग अँड्रॉइडला समजणाऱ्या डेक्स फाईलमध्ये बदलतो. फोनवर अँड्रॉइड रनटाईम तो कोड प्रोसेसरच्या भाषेत आणतो, काही भाग आधीच आणि काही चालता चालता. स्विफ्टचा कोड तर थेट मशीन कोड होऊनच फोनवर पोचतो. कोटलिन ही भाषा जेटब्रेन्स कंपनीने बनवली आणि तिचं नाव रशियातल्या एका बेटावरून ठेवलंय. गूगलने तिला २०१७ मध्ये मान्यता दिली आणि २०१९ पासून "आधी कोटलिन" असं धोरण ठेवलं. आपल्या सिलॅबसमध्ये अजून जावा आहे म्हणून नाराज होऊ नका, जावा नीट आली तर कोटलिन हातात यायला वेळ लागत नाही.

आता शेठकडे वळू. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा लॅपटॉप, वही, प्रश्नांची यादी असं सगळं घेऊन गेलो होतो. शेठनी चहा मागवला, केळीचे वेफर्स समोर ठेवले आणि म्हणाले, "बेटा, अॅप तर माझं आहेच. फक्त ते कोणाला सापडत नाही."

ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाकडून त्यांनी अॅप बनवून घेतलं होतं. पैसे दिले, अॅप आलं, शेठच्या फोनवर दिसलं, पेढे वाटले. ते अॅप प्ले स्टोअरवर चढवलं होतं त्या मुलाच्या स्वतःच्या खात्यातून. सोर्स कोड त्याच्या लॅपटॉपवर. पुढे तो नोकरीला बाहेरगावी गेला, नंबर बदलला. इकडे अँड्रॉइडच्या नवीन आवृत्त्या येत राहिल्या. गूगलचा नियम असा आहे की अॅप वेळोवेळी नव्या आवृत्तीसाठी अपडेट करावं लागतं. फार जुनं राहिलं तर नवीन फोन घेतलेल्या नव्या माणसाला ते स्टोअरमध्ये दिसतच नाही. ज्यांनी आधी घेतलंय त्यांच्याकडे ते चालू राहतं. म्हणजे शेठच्या जुन्या फोनवर अॅप मस्त चालू, आणि नवीन शेतकऱ्याने शोधलं तर गायब! शेठना वाटायचं की शेतकऱ्यांनाच शोधता येत नाही.

"मग अपडेट करा ना," असं आमचा एक पार्टनर म्हणाला. पण ते करणार कसं? अॅप प्ले स्टोअरवर चढवताना त्यावर एक डिजिटल सही होते. ती सही ज्या किल्लीने होते ती फाईल म्हणजे कीस्टोअर. फोन जुन्या अॅपच्या जागी नवीन अपडेट तेव्हाच घेतो, जेव्हा दोघांवर एकाच किल्लीची सही असते. नाहीतर कोणीही उठून तुमच्या बँकेच्या अॅपचं "अपडेट" पाठवलं असतं. सुरक्षेच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. पण किल्ली हरवली की घरमालकही बाहेर. ऑगस्ट २०२१ पासून नवीन अॅपची शेवटची सही गूगलच करतं, त्यामुळे अपलोडची किल्ली हरवली तर अर्ज करून बदलून मिळते. पण अर्ज कोणी करायचा? खातं ज्याच्या नावावर आहे त्याने. शेठच्या बाबतीत खातंही त्या मुलाचं, किल्लीही त्याची, कोडही त्याचाच. शेठचं काय होतं? आयकॉनवरचा फोटो!

त्यामुळे कोणी काका-मामा अॅप बनवून घेत असतील तर त्यांना आवर्जून सांगा. प्ले स्टोअरचं खातं धंद्याच्या नावाने, धंद्याच्या ई-मेलवरून काढायचं. फी एकदाच भरायची असते, २५ डॉलर. अॅपलची मात्र दरवर्षी ९९ डॉलर. सोर्स कोड, किल्ली, तिचा पासवर्ड, सर्व्हरचं खातं, डोमेनचं खातं हे सगळं लिहून ताब्यात घ्यायचं, आणि हे शेवटचा हप्ता देण्याआधी. चांगली सर्व्हिस देणारे लोक हे न मागता देतात. जो देताना कां-कूं करतो त्याच्याकडून अॅप न घेतलेलं बरं. घराचं बांधकाम करून घेताना सात-बारा कंत्राटदाराच्या नावावर कोणी करतं का?

सात-बाऱ्यावरून आठवलं. आपल्या भागात नेटिव्ह अॅपचं सगळ्यात मोठं उदाहरण कुठल्या कंपनीचं नाही, सरकारचं आहे: ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. त्याआधी पीक पाहणी तलाठी आप्पा करायचे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून गट नंबर निवडायचा, पीक कुठलं, किती क्षेत्रावर, पाणी कशाचं ते भरायचं आणि पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश जातात. मग ती नोंद गाव नमुना बारावर येते, आणि त्यावर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई असं बरंच काही अवलंबून असतं. २०२२ च्या आवृत्तीपासून तर फोटो काढताना तुम्ही गटापासून किती लांब आहात हेही अॅप सांगतं. घरी ओट्यावर बसून शेजारच्या केळीचा फोटो टाकता येत नाही!

इंजिनीअरच्या नजरेने हे अॅप बघण्यासारखं आहे. शेतात नेटवर्क असेलच असं नाही. म्हणून माहिती आणि फोटो आधी फोनमध्येच साठवायचे आणि रेंज मिळाली की वर पाठवायचे, अशी सोय त्यात ठेवली आहे. इथे एक गैरसमज दूर करते, जो आमच्या वर्गातही बऱ्याच जणांचा आहे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोनमधला रिसीव्हर उपग्रहांकडून येणारे सिग्नल फक्त ऐकतो आणि वेळेच्या फरकावरून स्वतःची जागा काढतो. इंटरनेट लागतं ते नकाशाची चित्रं आणायला, आणि उपग्रह कुठे आहेत याची माहिती पटकन मिळवायला. ती नसली तर पहिल्यांदा जागा सापडायला जरा वेळ लागतो इतकंच.

नेटवर्क नसताना चालणारं अॅप ही कल्पना काही नवी नाही. मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक दाखवणारं एम-इंडिकेटर आठवा. सचिन टेके यांनी बनवलेलं हे अॅप २०१० साली साध्या जावा फोनवर सुरू झालं. वेळापत्रक फोनमध्येच, त्यामुळे गर्दीत रेंज नसली तरी चालायचं. लोकांच्या फोनमध्ये ते का टिकलं याचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं.

शेठच्या धंद्यातलं खरं दुखणंसुद्धा इथेच निघालं. आम्हाला वाटलं होतं त्यांना शेतकऱ्यांसाठी चकाचक अॅप पाहिजे. भाव दिसेल, फोटो दिसतील, स्वागताचं ॲनिमेशन येईल. मामा मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाव तर मला सकाळी व्हॉट्सअॅपवर येतो. त्याच्यासाठी अजून एक अॅप कशाला ठेवू? फोनमध्ये जागा कुठे आहे?" मामांचा मुद्दा बरोबर होता. २०१८ पासून व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट मिळतं. भाव कळवणं, मालाचे फोटो दाखवणं, ऑर्डर घेणं इतकंच काम असेल तर बहुतेक दुकानांना स्वतंत्र अॅप लागतच नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. सराफ बाजारातल्या पेढीला, डाळ मिलला किंवा चटईच्या कारखान्याला "सगळ्यांचं आहे म्हणून आपलंही" असं अॅप विकणं म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर विकणं. विकलं जाईलही कदाचित, पण वापरणार कोण?

मग आम्ही दोन दिवस नुसतं बघितलं. पहाटे मजुरांच्या गाडीबरोबर बागेत गेलो. कापणी होते, घड वाहून आणतात, काट्यावर वजन होतं, मुकादम वहीत लिहितो. संध्याकाळी ती वही शेठच्या गादीवर येते आणि मुनीमजी ते सगळं दुसऱ्या वहीत उतरवतात. भांडणं होतात ती इथे. वही भिजते, सातचा एक वाचला जातो, शेतकरी म्हणतो माझं वजन जास्त होतं, मुकादम म्हणतो एवढंच होतं. क्विंटलमागे भाव ठरलेला असतो, म्हणजे आकडा चुकला की पैसे गेले. वर्षभर बाग सांभाळलेल्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही. मामांचंही एका हंगामात असंच झालं होतं, तो विषय निघाला की मामी अजून चिडते.

म्हणजे अॅप पाहिजे होतं ते हजारो शेतकऱ्यांसाठी नाही, शेठच्या पाच मुकादमांसाठी. पाच फोन! प्रोजेक्ट गाईड सर म्हणाले, "पाच युजरसाठी अॅप?" पण पाच युजरवर रोजचे ट्रक अवलंबून असतील तर ते अॅप छोटं कसं म्हणायचं?

आता बघा, नेटिव्ह कुठे कामाला येतं. वजनकाटा डिजिटल, त्यात ब्लूटूथ. फोनने काट्यावरचा आकडा थेट घेतला तर हाताने लिहिण्याचा प्रश्नच नाही. वेबसाईटला हल्ली कॅमेरा मिळतो, लोकेशन मिळतं, पण ब्लूटूथचं तसं नाही, आयफोनच्या सफारीत तर ते नाहीच. नंतर छोट्या थर्मल प्रिंटरवर शेतकऱ्याला जागेवर पावती द्यायची, अगदी एसटीच्या तिकिटासारखी. एसटीवरून लक्षात आलं असेल, कंडक्टरच्या हातातली नवी मशीन अँड्रॉइडवर चालते, यूपीआयने पैसेही घेते. आपण शनिवारी घरी जाताना रोखीच्या सुट्ट्यांवरून जी वादावादी व्हायची, ती तिने बरीच कमी केली. कंडक्टरच्या मशीनमध्ये ज्या गोष्टी लागतात, म्हणजे दिवसभर टिकणारी बॅटरी, प्रिंटर, रेंज नसताना चालणं, त्याच आमच्या मुकादमालाही लागत होत्या.

रेंज नसताना चालवायचं कसं, हा या सगळ्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. मॅडम, डीबीएमएसच्या लेक्चरला ट्रान्झॅक्शन शिकवताना तुम्ही जे सांगत होता ते इथे कळलं! फोनमध्ये एसक्यूलाईट नावाचा छोटा डेटाबेस असतो. प्रत्येक वजनाची नोंद आधी त्यात जाते. मुकादमाने बटण दाबलं की लगेच "नोंद झाली", नेटची वाट बघायची नाही. मागे एक काम रांगेत उभं राहतं: नेट आलं की ही नोंद सर्व्हरला पाठव. अँड्रॉइडमध्ये यासाठी वर्कमॅनेजर नावाची सोय आहे, फोन बंद करून चालू केला तरी ते काम विसरत नाही.

पण खरी गोम पुढे आहे. समजा नोंद सर्व्हरला पोचली, आणि "पोचली" असं उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला वाटतं पोचलीच नाही. तो पुन्हा पाठवतो. झालं, १२ क्विंटलचे २४ क्विंटल! शेतकरी खूश, शेठ गार. यावर उपाय सोपा आहे पण आधी सुचला पाहिजे. नोंद तयार होतानाच फोनने तिला एक लांबलचक, दुसरीकडे कुठे येणार नाही असा क्रमांक द्यायचा. सर्व्हरने तोच क्रमांक पुन्हा आलेला बघितला तर नवीन नोंद न करता नुसतं "हो, मिळाली" म्हणायचं. लग्नाच्या आहेराच्या वहीत नाव एकदाच लिहितात ना, तसं.

दुसरी गोष्ट आकड्यांची, आणि ही खास मराठी माणसांसाठी. अँड्रॉइडमध्ये मराठी भाषा २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आली. त्याआधीच्या जुन्या फोनवर देवनागरी अक्षरं नीट जुळतही नसत, जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. आता फोनची भाषा मराठी ठेवली, की प्रोग्रॅमने आकडा मजकुरात बदलताना तो देवनागरीत येतो. १२.५० असा. दिसायला छान! पण तोच मजकूर पुन्हा आकड्यात बदलायला गेलात तर जावा म्हणते हा आकडाच नाही, आणि अॅप धाडकन बंद. गंमत अशी की फोन हिंदीत ठेवला तर असं होत नाही, कारण हिंदीसाठी ठरलेले अंक इंग्रजी आहेत आणि मराठीसाठी देवनागरी. म्हणजे दिल्लीत किंवा बंगळुरूत बसून हिंदीत टेस्ट केलेलं अॅप तिकडे पास आणि आपल्या सावद्याला नापास. उपाय एवढाच की दाखवायचे आकडे फोनच्या भाषेत, आणि साठवायचे-पाठवायचे आकडे नेहमी ठरलेल्या एकाच लोकेलमध्ये. हे पुस्तकात सापडणार नाही, पण मराठी फोनसाठी अॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

आयफोनचं काय, असं शेठच्या मुलाने विचारलं, कारण त्याच्याकडे आयफोन आहे. आपल्या देशात दहातले नऊपेक्षा जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडचे. पाचही मुकादमांकडे अँड्रॉइड. आयफोनसाठी अॅप बनवायचं तर मॅक लागतो, आणि आपल्या लॅबमध्ये मॅक म्हटलं की लोकांना बर्गर आठवतो. म्हणून शेठच्या मुलासाठी हिशोब बघायला साधं वेबपेज ठेवलं. त्याला नेटिव्हची गरजच नाही, तो एसीत वायफायवर बसलेला असतो. एकाच धंद्यात एकासाठी नेटिव्ह आणि दुसऱ्यासाठी वेबसाईट, असं असू शकतं.

शेठना अजून एक भीती होती, की गूगल प्रत्येक व्यवहारात कमिशन घेईल. कोणीतरी त्यांना ३० टक्के असं सांगून घाबरवलं होतं. ते कमिशन अॅपच्या आत विकलेल्या डिजिटल गोष्टींवर असतं, म्हणजे गेममधली नाणी, ऑनलाईन कोर्स वगैरे. केळी ही खाण्याची वस्तू आहे, तिच्यावर ते लागत नाही. हे ऐकून शेठनी दुसरा चहा मागवला.

टेस्टिंगबद्दल थोडं. हॉस्टेलच्या खोलीत, पंख्याखाली, चार्जिंगला लावलेल्या फोनवर सगळी अॅप चांगलीच चालतात. आम्ही मुकादमांकडे असतात तसेच फोन घेतले: कमी रॅम, फुटलेली काच, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेली मेमरी. एप्रिलमधल्या दुपारी आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा फोन स्वतःच तापून स्क्रीनचा उजेड कमी करतो, आणि बरोबर तेव्हाच उन्हात काही दिसत नसतं. म्हणून आमच्या एका पार्टनरने प्रेमाने निवडलेला फिका जांभळा रंग काढून पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं ठेवली. बटणं मोठी केली, कारण केळीचा चीक लागलेल्या बोटाने छोटं बटण दाबलं जात नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अॅप बंद करून टाकतात, त्यासाठी प्रत्येक फोनमध्ये जाऊन सेटिंग बदलावी लागली. हे काम कुठल्याच फ्लोचार्टमध्ये नव्हतं आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला. मुकादमांपैकी एका दादांना वाचायला कमी येतं. त्यांच्यासाठी वजन मोठ्याने बोलून दाखवायची सोय केली. ती इतरांनाही आवडली, कारण मग शेतकरीही ऐकतो आणि जागेवरच "बरोबर" म्हणतो. वाद तिथेच मिटतो.

आणि शेतकऱ्याचा फोन नंबर, त्याच्या बागेचं लोकेशन ही माहिती अॅपमध्ये जाते, ती कोणाची? २०२३ मध्ये आपल्या संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा गाभा असा की माहिती कशासाठी घेताय ते सांगून, संमती घेऊन घ्या आणि तेवढ्यासाठीच वापरा. आम्ही शेठना विचारलं, लोकेशन खरंच पाहिजे का? ट्रक बागेत पोचला की नाही एवढंच बघायचं होतं. मग ट्रकचं लोकेशन घेतलं, शेतकऱ्याचं काढून टाकलं. कमी माहिती साठवली की सांभाळायचीही कमी.

ज्यांना स्वतःच्या नावाने प्ले स्टोअरवर काही टाकायचंय त्यांच्यासाठी एक सूचना. नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना अॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्ट करून घ्यावं लागतं. आधी ही संख्या २० होती. बारा जण तर हॉस्टेलच्या एका मजल्यावर मिळतात. चौदा दिवस ते अॅप डिलीट न करणारे बारा मिळवायला मात्र मेसमध्ये जिलेबीचं आमिष दाखवावं लागेल. कंपनीच्या नावाने खातं काढलं तर ही अट नाही, पण त्यासाठी कंपनीचा डन्स क्रमांक लागतो.

शेठच्या फर्मच्या नावाने त्या क्रमांकासाठी अर्ज केलाय. तोपर्यंत अॅप पाच फोनवर हातानेच टाकलंय, आणि मुनीमजी अजून वहीसुद्धा भरतात. रोज संध्याकाळी ते दोन्हीकडचे आकडे ताडून बघतात, जिथे फरक येतो तिथे लाल पेनाने गोल करतात आणि आम्हाला फोटो पाठवतात. गेल्या आठवड्यात दोन गोल आले. एक वहीतला होता. दुसरा आम्ही अजून शोधतोय.